दारापासून दारापर्यंत

गुरुवारी दुपारी माझी नात चिन्मयी जेवणाच्या टेबलाशी टॅब घेऊन बसली होती आणि मी तिच्यासमोर गवारीच्या शेंगा मोडीत होते. ती ज्या वेगाने आकडे भरीत होती, त्या वेगाने कोणी खरे आकडे भरीत नाही. शासनाच्या सांख्यिकी कार्यालयातील चौतीस वर्षांच्या नोकरीने मला दुसरे काही शिकवले नसेल, पण एवढे नक्की शिकवले.

"वाचून दाखव," मी म्हणाले.

"काय गं?"

"जे भरते आहेस ते. माझ्या डोळ्यांना तो पडदा सोसत नाही. मोठ्याने वाच."

तिने एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे पाहिले. मग वाचू लागली. "ठिकाण आदासा, गणपती मंदिर. पाच जणांचं कुटुंब, राहणार काटोल. प्रवास सातशे. पूजेचं सामान दोनशे. बाहेरचं जेवण दोन हजार."

"पुढचा फॉर्म."

"आदासा. चार जण, राहणार वरुड. प्रवास नऊशे, पूजा दीडशे, बाहेरचं जेवण सोळाशे."

"पुढचा."

"सहा जण, उमरेड. प्रवास अकराशे. बाहेरचं जेवण..." ती अडखळली. "चोवीसशे."

"माणशी चारशे," मी म्हणाले. "तिन्ही कुटुंबे माणशी चारशे रुपयांचे जेवली. आणि रोडगे किती जणांनी केले?"

"कसले रोडगे?"

मी हातातली शेंग खाली ठेवली.

आदासाच्या गणपतीला नवस फेडायला येणारी आमच्याकडची कुटुंबे जाडसर कणीक, वांगी, तूप, पातेली, इतकेच काय, शेणाच्या गोवऱ्यासुद्धा घरून बांधून आणतात. टेकडीखाली झाडाच्या सावलीत गोवऱ्या पेटवून कणकेचे गोळे निखाऱ्यांत भाजतात. ते रोडगे. स्वतः जेवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून पंगतीला बसवतात. चतुर्थीला उपास, म्हणून हे स्वयंपाक बहुधा रविवारी. तेथे उभे राहून ज्याने एक दिवस लोकांना प्रश्न विचारले आहेत, तो 'बाहेरचे जेवण, माणशी चारशे' असे लिहूच शकत नाही.

"किती खरे आहेत?" मी विचारले.

"सहा."

"आणि खोटे?"

"चौदा." तिने टॅब पालथा घातला. "आजी, तू ओरडू नकोस. मी दिवसभर उभी होते तिथे. लोक थांबतच नाहीत. एका बाईने विचारलं, काहून वं, आता देवाले जाण्यावरही टॅक्स लावता काय?"

"टॅबला जागा कळते म्हणतात."

"तिथे असतानाच चौदा फॉर्म उघडून ठेवले होते, रिकामे. जागेची नोंद तिथली लागते. भरायचे कुठेही." आणि मग खालच्या आवाजात, "सगळेच असं करून राहिले आहेत."

चिन्मयी सत्तावीस वर्षांची आहे, अर्थशास्त्रात एम. ए. आहे, आणि पर्यटकांच्या खर्चाचे सर्वेक्षण करणाऱ्या या खासगी संस्थेतील ही तिची तिसरी नोकरी. पहिल्या दोन तिने सोडल्या नाहीत. त्या बंद पडल्या. सोमवारी सकाळी नऊ वाजता पुढील वर्षाच्या करारांची यादी वर जाणार होती. ज्याचे वीस फॉर्म पूर्ण आणि एकावरही संगणकाची लाल खूण नाही, त्याचेच नाव त्या यादीत. यादी करणारा प्रमुख उन्मेष. तो माझ्या सेवेतील शेवटच्या तुकडीत शिकलेला मुलगा. मी एक शब्द टाकला असता तर कदाचित काम झाले असते. मी तो टाकणार नव्हते आणि हे चिन्मयीला ठाऊक होते, म्हणून तिने तो कधी मागितलाही नव्हता.

"परदेशी पाहुणा मोजायला सोपा असतो," मी म्हणाले. "विमानतळावर त्याच्या पासपोर्टावर शिक्का पडतो. पण या देशात फिरणारा बहुतेक माणूस आपलाच आहे. तो एसटीने येतो, कोठे शिक्का उमटत नाही. त्याने किती खर्च केला, हे त्याला विचारल्याखेरीज देशाला कळायला दुसरा मार्ग नाही. तुझा एक फॉर्म हजार घरांच्या वतीने बोलतो. त्या हजार घरांच्या तोंडी तू माणशी चारशे घातलेस. उद्या कोणी त्या आकड्यावर विसंबून आदासाला हॉटेल बांधील, आणि त्यात माश्या मारीत बसेल."

"माहीत आहे गं मला."

"पुसून टाक."

"चौदाही?"

"चौदाही. रविवारी मी तुझ्याबरोबर येते."

"तुझे गुडघे—"

"गुडघे माझे आहेत."

तिने एकेक करून चौदा फॉर्म रिकामे केले. मी उरलेल्या शेंगा मोडल्या.

रविवारी सकाळी नागपुरातल्या गणेशपेठ स्थानकावरून आम्ही एसटीत बसलो. पंच्याहत्तरी ओलांडल्यापासून मला तिकिटाचे पैसे पडत नाहीत. वाहकाने माझ्या हातात शून्य रुपयांचे तिकीट दिले, चिन्मयीच्या हातात अर्धे. ती म्हणाली, "देशाच्या पर्यटनात तुझी भर शून्य, आजी." मला हसू आले नाही. मार्च संपायचा होता, तरी खिडकीची दांडी आठ वाजताच तापलेली होती, आणि मी रात्रभर गुडघ्याला तेल चोळीत जागी होते.

टेकडीच्या पायथ्याशी एका फुलवालीने मला प्लास्टिकची खुर्ची दिली. मी झाडाखाली बसले आणि चिन्मयीला माझ्यासमोर उभे केले.

"खर्च किती झाला, असे विचारायचे नाही," मी तिला सांगितले. "खर्च म्हटला की माणूस बंद होतो. सकाळी घरून निघताना काय काय बांधले, असे विचार. गाडी कोणाची आहे ते विचार. परत जाताना पोरांसाठी काय नेणार, ते विचार. आकडे आपोआप येतील."

"आणि नाही आले तर?"

"तर थांबायचे."

पहिल्या दोन कुटुंबांनी तिला हाताने बाजूला सारले. तिसऱ्यात एक म्हातारी थांबली आणि कणीक कोणत्या चक्कीत दळली इथपासून सांगू लागली. बारा वाजेपर्यंत सात फॉर्म झाले. बाहेरच्या जेवणाच्या रकान्यात चहाचे चाळीस, आलूबोंड्यांचे साठ, एका ठिकाणी उसाच्या रसाचे शंभर. एका गृहस्थांनी देवाला पितळी घंटा वाहिली होती. ती त्यांनी आठ दिवसांपूर्वी नागपूरच्या इतवारी बाजारातून आणली होती, साडेअठराशेची.

"इतवारीत घेतली ना, आदासाला नाही," चिन्मयी माझ्या कानाशी म्हणाली. "मग इथला खर्च कसा?"

"घंटा कशासाठी घेतली?"

"इथे वाहायला."

"मग प्रवासाचाच खर्च. निघण्याआधी केला तरी. लिही."

तीन वाजेपर्यंत तेरा झाले. चिन्मयीचा चेहरा उन्हाने तांबडा झाला होता आणि आवाज बसला होता. मी खुर्चीतून उठून तिला बसायला सांगितले असते, पण उठवत नव्हते.

"खऱ्या लोकांचा खर्च फार कमी आहे गं," ती ओढणीने मान पुसत म्हणाली. "माझ्या खोट्यात देश बराच श्रीमंत होता."

चौदावे कुटुंब आम्ही शोधले नाही. त्यांनीच आम्हाला बोलावले.

पलीकडच्या झाडाखाली एका टेंपोजवळ चारपाच माणसे रोडग्यांवरची राख झटकीत होती. त्यांतले एक सत्तरीचे, डोक्याला पंचा बांधलेले गृहस्थ हात हलवीत आले. "कवापासून पाहून राहिलो, बाई. तुमी लोकायले पुसूनच राहिल्या. काही खाल्लं का नाही? या."

"काका, आधी दहा मिनिटं फॉर्म भरू?" चिन्मयीने विचारले.

"दहा मिन्टात रोडगा थंडा होते, माय. फॉर्म थंडा होत नाही."

त्यांचे नाव चंद्रभान. राहणार खापा, कन्हान नदीकाठी संत्र्याचा बगीचा. सतरंजीवर, झाडाच्या बुंध्याला उशी लावून त्यांच्या पत्नी भागीरथाबाई बसल्या होत्या. अंगावर नवे लुगडे होते. चेहरा मात्र पिठासारखा फिका, आणि उजव्या मनगटावर रुग्णालयाचा प्लास्टिकचा पट्टा.

"या वो बाई, बसा. तुमी कोठच्या?"

"नागपूर. धंतोली."

"धंतोली!" त्यांचा चेहरा उजळला. "आमी तिथूनच येऊन राहिलो. तिथं तर घराघराले दवाखाना हाये. तुमी रायता कुठी मंग?"

"दोन दवाखान्यांच्या मध्ये," मी म्हणाले, आणि त्या इतक्या हसल्या की त्यांच्या पतीने त्यांना दटावले. "हसू नको वं. टाके नाहीत पन दोन नळ्या घातल्या आहेत छातीत."

आमच्या पानांत रोडगे पडले, वांग्याची भाजी पडली, चंद्रभानांनी त्यावर तुपाची धार सोडली ती मी हात आडवा धरीपर्यंत. भागीरथाबाईंच्या पानात अर्धा रोडगा होता, कोरडा. त्या तो चिमणीसारखा टिपत होत्या. चिन्मयी जेवताजेवताच प्रश्न विचारू लागली. आता तिला विचारणे साधले होते.

"घरून कधी निघालात, काकू?"

"मागच्या मंगयवारी, पहाटे. छातीत कयच निंगाली ना. तवापासून दवाखान्यातच. आज सकायी सुटी देल्ली."

"आज सकाळी? मग घरी जाऊन मग आलात का इकडे?"

"घरी कुठी? घर पायलंच नाही अजून. हा टेंपो पुतन्यानं खाप्याहून आनला, सामानसुमान घेऊन. आमी दवाखान्यातून सीधे इकडे. यायनं नवस केला होता ना." त्यांनी पतीकडे हनुवटी उडवली. "म्हने, मानूस वाचलं तर घरचा उंबरठा मागून, आंधी गनपतीचा."

"मग हातातला पट्टा?"

"देवाले दाखवाचा होता. पाय बाबा म्हटलं, सुटून आली. आता घरी जाऊन काढीन."

चिन्मयीचे बोट टॅबवर थांबले. माझ्याही ध्यानात आले. प्रवास म्हणजे स्वतःच्या दारापासून स्वतःच्या दारापर्यंत; हे वाक्य मी प्रत्येक नव्या तुकडीकडून पहिल्या दिवशी लिहून घेत असे. मध्ये माणूस दहा ठिकाणी थांबो, तो प्रवास एकच, त्याचे मुख्य कारण एकच, आणि त्यात गेलेला सगळा पैसा त्या एकाच फॉर्मात. भागीरथाबाई मंगळवारी दारातून निघाल्या होत्या आणि अजून दारात पोचल्या नव्हत्या. देवदर्शन हा त्यांच्या प्रवासातील एक थांबा होता. मुख्य कारण उपचार.

"दवाखान्याचा खर्च किती आला, काका?"

"काही नाही," चंद्रभान चटकन म्हणाले. ते निखाऱ्यांकडे पाहत होते. "सरकारी कार्डावर झालं. फुकट. चहापानी, गाडीभाडं, लिहा चारेक हजार."

"सरकारनं केलं म्हून, बाई," भागीरथाबाई मला म्हणाल्या. "नाहीतर आमचं रामेश्वर गेलंच होतं."

"रामेश्वर?"

"सात वर्षं झाले, संत्रं विकलं का थोडे थोडे बाजूले ठेवून राहिलो. दिवाई झाली का निंगतो आता. मी समुद्र नाही पायला अजून. तुमी पायला काय?"

"पाहिला आहे."

"कसा रायते?"

मला सांगता येईना. "मोठा असतो," मी म्हणाले.

त्यांना तेवढे पुरले. "तुमी बी चला आमच्यासंगं," त्या म्हणाल्या. "दोघी म्हाताऱ्या एकमेकीचा हात धरून पान्यात उभ्या राहू. हे तर काठावरूनच ओरडतीन."

जेवण झाल्यावर चंद्रभान तांब्या घेऊन आमच्या हातांवर पाणी घालायला टेंपोच्या पलीकडे आले. त्यांच्या काखेत सबंध वेळ एक कापडी पिशवी होती. जेवतानाही त्यांनी ती खाली ठेवली नव्हती.

"काका," चिन्मयी हळूच म्हणाली, "कार्डावर झालं असतं, तर इतक्या पावत्या कशाच्या?"

त्यांनी पिशवीकडे पाहिले. कागदांचा गठ्ठा तोंडातून वर आला होता. पाणी माझ्या हातावरून केव्हाच ओघळून गेले होते, तरी तांब्या तसाच वाकडा धरलेला होता.

"कार्डाचे कागद वेळेवर जमले नाहीत," शेवटी ते म्हणाले. "डाक्टर म्हने वेळ नाही. मी म्हटलं, करा. दोन लाख शाऐंशी."

"रामेश्वरचे?" मी विचारले.

"त्याचेच. सबन." त्यांनी तांब्या टेंपोच्या फळीवर ठेवला. "तिले सांगतलं सरकारनं देल्ले. शुद्धीवर आल्याबरोबर पयला प्रश्न तोच पुसला तिनं. म्या काय सांगाचं होतं?"

"दिवाळीला काय सांगाल?"

"दिवाई लंबी आहे अजून." मग चिन्मयीकडे वळून म्हणाले, "तुले खरं लागते ना, माय? लिही खरं. कोनालेच सांगतलं नव्हतं, आता जरा बरं वाटून राहिलं. पन तिच्या कानावर जाऊ देऊ नको."

"नाही जाणार, काका. हे सगळं गुप्त असतं."

"शपथ?"

"शपथ," चिन्मयी म्हणाली. अन्वेषकाने शपथ घ्यायची नसते. मी तिला टोकले नाही.

चंद्रभानांनी पुढे केलेल्या पावत्या पाहून तिने आकडा भरला आणि फॉर्म लाल झाला. देवस्थानाच्या ठिकाणी नोंदलेला कौटुंबिक खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संगणक तो अडवतो; प्रमुखाच्या संमतीशिवाय तो वर जात नाही, आणि त्याच्याबरोबरचे एकोणीसही जात नाहीत. आम्ही परत माझ्या खुर्चीपाशी आलो. तिने उन्मेषला फोन लावला आणि मला ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला.

"चिन्मयी, तेरा एकदम मस्त आहेत," उन्मेष म्हणाला. "बाहेरचं जेवण चाळीस, साठ. वाचूनच कळतं, कोणीतरी खरंच विचारलंय. पण हा चौदावा काय आहे? आदासाला येऊन दोन लाख नव्वद हजार?"

तिने सगळे सांगितले. चंद्रभानांचे गुपित मात्र तिने सांगितले नाही.

"अगं, मग सोपं आहे. सकाळी सुटी झाली, ते घरी गेले, घरून आदासाला आले. दोन प्रवास झाले. आपल्याला दुसराच हवा. खर्च पाचशे. लाल खूण गेली."

"पण सर, ते घरी गेले नव्हते."

"किती तासांचा प्रश्न आहे? संध्याकाळी जाणारच आहेत ना? लाल फॉर्म वर गेला की वीस फॉर्मांची सगळी तुकडी पडताळणीला अडकते, तुझी आणि माझीही. नऊ वाजता यादी जाते उद्या." तो जरा थांबला. "मॅडम आहेत का शेजारी? मॅडम, नमस्कार. तुम्हीच समजावा तिला."

त्याचा आवाज उर्मट नव्हता. थकलेला होता. त्याच्याही वर कोणीतरी होते आणि त्याचीही कोठेतरी यादी होती. मी चिन्मयीकडे पाहिले. तिच्या चपलांचे पट्टे पायांत रुतले होते. माझ्या मनात आले, चौदांपैकी तेरा खरे झाले. एक ओळ. ती ओळ बदलली तर चंद्रभानांचे गुपितही कोठल्याच कागदावर राहणार नाही. मुलीची तिसरी नोकरी टिकेल. आणि मला घरी जाऊन पाय लांब करता येतील.

"कर तसे," मी म्हणाले.

चिन्मयीने मान वळवली. "काय?"

"कर म्हटले. एका ओळीचा प्रश्न आहे."

माझा शब्द आमच्या घरात कोणी दोनदा विचारीत नाही. ती मात्र माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपे गेले असते.

"आजी, त्यांच्या हातात पट्टा आहे अजून," ती म्हणाली. "घरी जाऊन काढणार आहेत. मी फॉर्मात त्यांना घरी पोचवू?"

पलीकडे भागीरथाबाईंना उठवीत होते. पुतण्याने एक हात धरला होता, चंद्रभानांनी दुसरा. पिशवी त्यांच्या काखेतच होती.

तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

"सर, प्रवास एकच आहे," ती फोनमध्ये म्हणाली. "मी शेरा लिहून पाठवते."

"मग यादीचं माझ्या हातात राहत नाही, चिन्मयी."

"हो, सर. माहीत आहे."

तिने फोन ठेवला आणि गवतावर मांडी घालून शेरा लिहायला बसली. लाल फॉर्म पडताळायला कार्यालयाचा माणूस त्या घरी जातो. तो खाप्याला जाईल, ओसरीवर बसेल आणि मोठ्या आवाजात आकडा वाचून विचारील, खरा का? हे तिच्या ध्यानात आले होते. माझ्या आले नव्हते. लिहून झाल्यावर तिने टॅब माझ्यापुढे धरला. मी चष्मा पुसून वाचले.

'मुख्य कारण उपचार. नवसामुळे घरी न जाता रुग्णालयातून थेट येथे आले, म्हणून प्रवास एकच. पावत्या स्वतः पाहिल्या. पडताळणीस गेल्यास रक्कम फक्त पतीला, एकटे असताना विचारावी. पत्नीसमोर उच्चारू नये.'

"ठीक आहे का?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांचे शेरे दुरुस्त केले. त्यात मला एकही शब्द बदलावासा वाटला नाही. "पाठव," मी म्हणाले.

टेंपो निघताना भागीरथाबाईंनी पळसाच्या पानांत बांधलेले चार रोडगे माझ्या मांडीवर ठेवायला लावले आणि हात हलवून ओरडल्या, "दिवाई झाली का येजा वो बाई!" मी हात वर केला. चंद्रभान दुसरीकडे पाहत होते.

त्या दोन लाख शहाऐंशी हजारांची नोंद देशाच्या पर्यटन खर्चात होईल. ते रामेश्वरला खर्च झाले असते तरी त्यातच झाली असती. तेथे फक्त प्रवासाच्या कारणाचा सांकेतिक क्रमांक वेगळा पडला असता. मी या हिशेबात चौतीस वर्षे काढली. त्याच्या रचनेत मला कोठे चूक दाखवता येणार नाही. पण टेंपोच्या मागची धूळ बसेपर्यंत मला खुर्चीतून उठवले नाही.

परतीच्या एसटीत गर्दी होती. कोणीतरी उठून मला खिडकीशी जागा दिली, चिन्मयी शेजारी टेकली. सावनेरची वस्ती मागे पडल्यावर तिच्या फोनवर उन्मेषचा निरोप आला. तिने तो माझ्यापुढे धरला. तुकडी पडताळणीसाठी राखून ठेवली आहे. उद्याच्या यादीत नाव नाही. एकतीस मार्चपर्यंतचे मानधन खात्यात जमा होईल. आणि खाली, वेगळ्या ओळीत : 'शेरा चांगला लिहिला आहेस.'

तिने फोन पिशवीत टाकला. वाहक आला, माझ्या हातात शून्याचे तिकीट आणि तिच्या हातात अर्धे देऊन पुढे गेला.

"तू 'कर' म्हणालीस तेव्हा," ती समोर पाहत म्हणाली, "मला वाटलं तू माझी परीक्षा घेते आहेस."

मला होकार देता आला असता. ती मोठी सोय झाली असती आणि माझा मान जेथल्या तेथे राहिला असता.

"नाही," मी म्हणाले. "मी दमले होते."

थोड्या वेळाने तिने डोके माझ्या खांद्याला टेकले. लहानपणानंतर तिने ते कधी टेकले नव्हते. रोडग्यांची ऊब अजून मांडीला लागत होती आणि एसटी प्रत्येक खड्ड्यावर आमच्या दोघींची हाडे मोजीत होती.

"आजी."

"हं."

"त्यांना समुद्र नीट सांगायला हवा होतास. मोठा असतो, म्हणे. एवढंच?"

"जमले नाही मला."

"आता सांग. मीसुद्धा कुठे पाहिलाय?"

मी डोळे मिटले. चाळीस वर्षांपूर्वी कार्यालयाच्या दौऱ्यावर मी रत्नागिरीस गेले होते. दिवसभर बंदरावर मासळीचे लिलाव नोंदवले आणि निघायच्या आधी दहा मिनिटे पाण्याकडे पाहिले होते. ती दहा मिनिटे कोठे ठेवली होती, ते मी शोधू लागले.

"आधी वास येतो," मी म्हणाले. "दिसण्याच्या आधी."

"मग?"

"थांब. आठवू दे."